पदवीनंतरची पन्नास वर्षे

१९८१ साली वॉशिंग्टनच्या पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवरून सुमारे १०,००० स्त्रिया चालत निघाल्या, आणि त्यांच्या अग्रभागी होत्या ९२ वर्षांच्या बर्था पिट्स कॅम्पबेल. ६८ वर्षांपूर्वी, ३ मार्च १९१३ रोजी, त्या याच रस्त्यावरून स्त्रियांच्या मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चात चालल्या होत्या. तेव्हा त्या हॉवर्ड विद्यापीठात शिकत होत्या आणि त्यांनी इतर एकवीस जणींसह स्थापन केलेली डेल्टा सिग्मा थीटा ही विद्यार्थिनींची संघटना अवघी सात आठवड्यांची होती. मोर्चाच्या संयोजकांपैकी काहींना कृष्णवर्णीय स्त्रिया मागच्या रांगांत हव्या होत्या, रस्त्याच्या कडेची गर्दी शिवीगाळ आणि धक्काबुक्की करत होती, तरीही या विद्यार्थिनी आपल्या संघटनेच्या नावाने त्यात उतरल्या. नव्या संघटनेचे ते पहिले सार्वजनिक कार्य होते.

दोन्ही मोर्च्यांची छायाचित्रे पाहणाऱ्याचे मन भरून येते. मला मात्र अधिक ओढ वाटते ती या दोन तारखांच्या मधल्या वर्षांची. पदवी घेतल्यावर कॅम्पबेल यांनी शिक्षिकेचे काम केले, लग्नानंतर १९२३ मध्ये त्या सिॲटलला गेल्या, तिथल्या वायडब्ल्यूसीए या ख्रिस्ती स्त्रियांच्या संस्थेच्या मंडळावर मतदानाचा हक्क असलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय सदस्य झाल्या आणि १९४२ मध्ये वंशसमतेसाठी काम करणारी एक आंतरवंशीय संस्था उभी करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. हे सारे करताना त्या डेल्टाच्या सभासदच राहिल्या. १९९० मध्ये, वयाची शंभर वर्षे पुरी करून, त्या गेल्या. विद्यार्थिदशेत घेतलेली एखादी शपथ इतकी वर्षे कशी टिकते, हा प्रश्न अमेरिकेत राहायला आल्यापासून माझ्या मनात आहे, आणि त्याचे जे उत्तर मला मिळाले आहे ते आपल्याकडच्या वाचकांनाही जवळचे वाटेल असा माझा विश्वास आहे.

अशा संघटनेला, म्हणजे शपथ घेऊन सभासद होणाऱ्या विद्यार्थिनींच्या भगिनीमंडळाला, अमेरिकेत सोरॉरिटी म्हणतात. सोरॉरिटी म्हटले की मराठी मनासमोर येते ते बहुधा इंग्रजी चित्रपटांतले दृश्य: मोठे घर, एकसारखे कपडे घातलेल्या मुली, मेजवान्या, आणि पदवीदानाबरोबर संपणारी मैत्री. अशा संघटना आहेतही. ज्यांच्याविषयी मी लिहिते आहे त्या चार कृष्णवर्णीय संघटनांचे गणित मात्र वेगळे आहे. अल्फा कॅपा अल्फा १९०८ मध्ये, डेल्टा सिग्मा थीटा १९१३ मध्ये आणि झीटा फाय बीटा १९२० मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात जन्मली. सिग्मा गॅमा ऱ्हो १९२२ मध्ये इंडियानापोलिस येथे सात शिक्षिकांनी सुरू केली, आणि तीही अशा काळात, जेव्हा इंडियाना राज्यात कू क्लक्स क्लॅन या हिंसक वर्णद्वेषी संघटनेचा जोर शिगेला पोचत होता. गोऱ्या मुलींच्या संघटनांची दारे या मुलींना बंद होती. पण ‘आम्हाला घेत नाहीत म्हणून आम्ही आमची काढतो’ एवढ्यावर ही गोष्ट थांबली नाही. या चारही संघटनांत विद्यार्थिदशा म्हणजे सभासदत्वाचा उंबरठा मानला जातो. खरे सभासदत्व पदवीनंतर सुरू होते. इतकेच नव्हे, तर ज्यांना शिकताना प्रवेश घेता आला नाही अशा पदवीधर स्त्रियाही पुढे पदवीधर शाखांमधून सभासद होऊ शकतात. चाळिशीत शपथ घेणाऱ्या स्त्रीला तिथे कोणी नवलाने पाहत नाही.

हे असे घडावे यामागे एक भांडण आहे, आणि ते मला फार बोलके वाटते. १९१२ मध्ये अल्फा कॅपा अल्फाच्या तेव्हाच्या विद्यार्थिनींनी संघटनेचे नाव, चिन्हे आणि रोख बदलायचे ठरवले; त्यांना समारंभांपेक्षा सार्वजनिक प्रश्नांत उतरायचे होते. नेली क्वांडर यांनी नुकतीच पदवी घेतली होती. त्यांनी या बदलाला विरोध केला आणि संघटना कायदेशीररीत्या नोंदवून घेतली. २९ जानेवारी १९१३ रोजी अल्फा कॅपा अल्फा ही कायमस्वरूपी नोंदणीकृत संस्था झाली. बदल हवा असलेल्या बावीस जणी त्याच महिन्यात वेगळ्या झाल्या आणि डेल्टा सिग्मा थीटा उभी राहिली. कोण बरोबर होते हे ठरवण्याच्या फंदात मी पडत नाही, कारण पुढच्या शतकाने दोघींनाही पुरेसे काम दिले. मला महत्त्वाचे वाटते ते हे की विद्यापीठातून बाहेर पडलेल्या एका तरुण स्त्रीने ‘आता हे माझे राहिले नाही’ असे म्हटले नाही. तिने कागदपत्रे केली. विद्यार्थिनींची प्रत्येक पिढी चार वर्षांत बदलते. त्यांच्या भरवशावर सोडलेली संघटना दर चार वर्षांनी नव्याने जन्मते आणि नव्याने मरते. ती जगायची तर तिचा कणा बाहेर पडलेल्यांमध्ये असावा लागतो, हे क्वांडर यांच्या कृतीत स्पष्ट दिसते.

मी मेरीलँडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात काम करते. तिथल्या माझ्या ज्येष्ठ सहकारी, आता निवृत्त, अल्फा कॅपा अल्फाच्या ‘गोल्डन सोरॉर’ आहेत, म्हणजे त्यांच्या सभासदत्वाला पन्नास वर्षे झाली. या संघटनांत सभासद एकमेकींना सोरॉर म्हणतात. गुलाबी आणि हिरवा हे त्यांचे रंग. निवडणुकीच्या आधी ग्रंथालयाबाहेर मतदार नोंदणीचे टेबल मांडणाऱ्या, शिष्यवृत्तीसाठी अर्ज करणाऱ्या मुलांचे निबंध वाचून देणाऱ्या, शाळा उघडण्याआधी दप्तरे भरून ठेवणाऱ्या स्त्रियांमध्ये मी त्यांना वर्षानुवर्षे पाहिले आहे. एकदा मी त्यांना विचारले की नोकरी, मुले, आईचे आजारपण या साऱ्यातून हे कसे निभावले. त्या म्हणाल्या, “काही वर्षे नाहीच निभावले. त्या वर्षांत मी फक्त वर्गणी भरत होते. पण माझे नाव यादीत होते, म्हणून मला फोन येत राहिले.”

या वाक्याने माझ्या प्रश्नाचे उत्तर दिले असे मी मानते. आपण निष्ठेविषयी बोलतो तेव्हा ती मनाच्या उमाळ्यातून येते असे गृहीत धरतो, आणि उमाळा ओसरला की स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष देतो. या स्त्रियांनी निष्ठेला उमाळ्याच्या हवाली केले नाही. त्यांनी तिला पत्ता दिला. तुम्ही शिकागोहून ह्यूस्टनला बदलून गेलात तर तिथे पदवीधर शाखा असते. तिची ठरलेली बैठक असते, इतिवृत्त लिहिले जाते, समित्या असतात, दर वर्षी भरायची वर्गणी असते. ज्या सभासदाची वर्गणी भरलेली आहे तिला ‘फायनान्शियल’ म्हणतात, आणि हा शब्द तिथे पैशापेक्षा उपस्थितीविषयी अधिक सांगतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळे कारकुनी वाटेल. पण मूल आजारी असताना, नोकरी गेली असताना, संसार मोडत असताना ज्या बाईला सेवेचा विचारही सुचत नाही, तिलाही परत येण्यासाठी दार उघडे ठेवणारी गोष्ट हीच आहे. सभासदाच्या मृत्यूनंतर अंत्यविधीच्या वेळी शाखेतल्या स्त्रिया आपला वेगळा विधी करतात, आणि अल्फा कॅपा अल्फात त्यानंतरही ती ‘भिंतीपलीकडे गेलेली आयव्ही’ (आयव्ही म्हणजे भिंतीवर चढणारी एक वेल) म्हणून मोजली जाते.

या रचनेतून प्रत्यक्षात काय उभे राहू शकते हे पाहायचे तर मिसिसिपीकडे जावे लागते.

आयडा लुईज जॅक्सन यांचा जन्म मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गचा. पुढे त्या कॅलिफोर्नियात गेल्या, बर्कलेला शिकल्या आणि ओकलंडच्या सार्वजनिक शाळांतल्या पहिल्या कृष्णवर्णीय शिक्षिका झाल्या. १९३० च्या दशकात अल्फा कॅपा अल्फाच्या राष्ट्रीय अध्यक्ष असताना त्यांना आपल्या मूळ राज्यातल्या खेड्यांमधल्या शिक्षकांची अवस्था अस्वस्थ करत होती. १९३४ च्या उन्हाळ्यात त्यांनी होम्स परगण्यातल्या लेक्सिंग्टन येथे ग्रामीण शिक्षकांसाठी उन्हाळी शाळा भरवली आणि तिथे पुस्तकेही जमवली. शाळा सुरू झाल्यावर लक्षात आले की शिकवण्याआधी दुसरेच काहीतरी करायला हवे. मुले उपाशी आणि आजारी होती, शिक्षकही आजारी होते. कापसाच्या शेतांवर वाट्याने राबणाऱ्या कुटुंबांच्या वाट्याला डॉक्टर जवळजवळ येतच नव्हता.

मग पुढच्या उन्हाळ्यात, १९३५ मध्ये, मिसिसिपी आरोग्य प्रकल्प सुरू झाला. त्याची सूत्रे डॉ. डोरोथी बोल्डिंग फेरेबी यांच्याकडे होती. त्या बोस्टनच्या टफ्ट्स वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या होत्या, वॉशिंग्टनमध्ये वैद्यक व्यवसाय करत होत्या, आणि तिथल्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीतल्या मुलांसाठी त्यांनी आधीच एक सेवाकेंद्र उभे केले होते. प्रकल्पात काम करणाऱ्या साऱ्या संघटनेच्या सभासद होत्या: डॉक्टर, परिचारिका, शिक्षिका, आहारतज्ज्ञ. आपली सुट्टी देऊन, वेतन न घेता त्या आल्या होत्या. दक्षिणेतल्या रेल्वेत वर्णभेदाचे नियम असल्यामुळे त्या स्वतःच्या मोटारी चालवत शेकडो मैल गेल्या. १९३० च्या दशकात कृष्णवर्णीय स्त्रियांनी चालवलेल्या मोटारींचा ताफा अलाबामा आणि मिसिसिपीच्या रस्त्यांवरून जाणे म्हणजे काय, याची कल्पना तेव्हाच्या दक्षिणेचा थोडाबहुत इतिहास वाचलेल्या कोणालाही करता येईल. रात्री मुक्कामाला हॉटेल मिळणार नव्हते आणि अनेक ठिकाणी पोटाला अन्नही मिळणार नव्हते.

तिथे पोचल्यावर नवा अडसर उभा राहिला. ठरवलेल्या ठिकाणी दवाखाने मांडले, पण मळेवाले आपल्या कुळांना शेत सोडून तिथे जाऊ देईनात. बाहेरून आलेल्या या शिकलेल्या स्त्रिया मजुरांच्या कानात काय भरवतील याची त्यांना धास्ती होती. फेरेबी यांनी वाद घातला नाही. कुळे दवाखान्यात येऊ शकत नाहीत, तर दवाखाना कुळांकडे जाईल, असे त्यांनी ठरवले, आणि मोटारींमध्ये औषधे, लसी, टेबले भरून त्या मळ्यांवर गेल्या. मळ्यांवरचे घोडेस्वार मुकादम बंदुका लावून जवळपास घुटमळत आणि कोण काय बोलते ते ऐकत, असे फेरेबी यांनी पुढे सांगितले आहे. त्या पहाऱ्याखाली देवी आणि घटसर्पाच्या लसी टोचल्या गेल्या, दात तपासले गेले, मलेरिया आणि गुप्तरोगांवर उपचार झाले, कोणत्या भाज्या लावाव्यात आणि पाणी कसे राखावे हे सांगितले गेले. मुलांच्या हातात आयुष्यातला पहिला दातांचा ब्रश आला.

हे काम दर उन्हाळ्यात काही आठवडे, १९४२ पर्यंत चालले, आणि हजारो मुलांना लसी मिळाल्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल आणि टायर यांचे शिधावाटप सुरू झाले तेव्हा मोटारींवर उभा असलेला प्रकल्प थांबला. एवढ्याने मिसिसिपीचे दारिद्र्य हटले का? नाही, आणि त्या स्त्रियांनीही असा दावा केला नाही. १९३८ मध्ये त्याच संघटनेच्या नॉर्मा बॉइड यांच्या पुढाकाराने वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, प्रभाव टाकण्यासाठी एक कायमचे कार्यालय काढले गेले, यावरून मला असे दिसते की मळ्यांवरच्या आजाराची मुळे कायद्यात आहेत हे त्यांना उमगले होते. बॉइड या अल्फा कॅपा अल्फाच्या मूळ संस्थापक सभासदांपैकी एक, आणि व्यवसायाने वॉशिंग्टनच्या शाळांतल्या शिक्षिका. लस टोचणे आणि कायद्यासाठी झगडणे या दोन्ही गोष्टी एकाच संघटनेच्या, आणि दोन्ही पदवीधर सभासदांनी केलेल्या.

डेल्टाच्या बाजूला याच जातीचे आयुष्य डोरोथी हाइट यांचे आहे. १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयाने त्यांना प्रवेश देऊ केला आणि नंतर, वर्षाला दोनच कृष्णवर्णीय मुली घेतो आणि त्या झाल्या आहेत, असे सांगून परत पाठवले. त्या न्यूयॉर्क विद्यापीठात शिकल्या. १९४७ ते १९५६ त्या डेल्टाच्या राष्ट्रीय अध्यक्ष होत्या, आणि त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी नॅशनल कौन्सिल ऑफ नीग्रो विमेन या संस्थेचे नेतृत्व केले, जिचे अध्यक्षपद त्यांच्या आधी काही वर्षे डॉ. फेरेबी यांनीही भूषवले होते. दोन प्रतिस्पर्धी मानल्या जाणाऱ्या संघटनांमधल्या स्त्रिया कामाच्या जागी अशा एकत्र येत. १९६४ मध्ये हाइट यांच्या पुढाकाराने उत्तरेतल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय स्त्रियांचे गट दर आठवड्याला मिसिसिपीत जाऊन तिथल्या स्त्रियांना भेटू लागले. भारतीय वाचकाला आणखी एक गोष्ट सांगायला हवी: १९५२ मध्ये हाइट दिल्ली स्कूल ऑफ सोशल वर्क येथे अभ्यागत प्राध्यापक म्हणून आल्या होत्या. नुकताच स्वतंत्र झालेला देश आणि अजून मताधिकारासाठी झुंजणारा समाज यांची त्या वर्गात भेट झाली, हे मला विशेष वाटते.

उरलेल्या दोन संघटनांचे काम थोडक्यात सांगते, ते कमी मोलाचे आहे म्हणून नव्हे. झीटा फाय बीटा १९७२ पासून मार्च ऑफ डाइम्स या माता-बालकांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थेबरोबर ‘स्टॉर्क्स नेस्ट’ चालवते. गरोदर स्त्रिया तपासणीला आणि वर्गांना आल्या की त्यांना गुण मिळतात आणि त्या गुणांवर बाळासाठी कपडे, पाळणे, लंगोट घेता येतात. अमेरिकेत कृष्णवर्णीय मातांच्या मृत्यूचे प्रमाण गोऱ्या मातांच्या सुमारे तिप्पट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या साध्या योजनेचे वजन कळते. सिग्मा गॅमा ऱ्हो २०१२ पासून राष्ट्रीय जलतरण संघटनेबरोबर कृष्णवर्णीय मुलांना पोहायला शिकवण्यासाठी काम करते, कारण पिढ्यान्पिढ्या ज्यांना सार्वजनिक तरणतलावांत शिरू दिले नाही त्यांच्या नातवंडांमध्ये आजही बुडून मरण्याचे प्रमाण अधिक आहे.

या संघटनांवर टीकाही आहे आणि ती खरी आहे. प्रवेशाचा आणि वर्गणीचा खर्च प्रत्येकीला पेलत नाही. एके काळी त्वचेच्या उजळपणाला आणि घराण्याला महत्त्व दिल्याचा ठपका त्यांच्यावर आला. नव्या मुलींचा छळ हा सर्वांत गंभीर दोष. १९९० मध्ये या सर्व संघटनांनी मिळून प्रवेशाची जुनी पद्धत अधिकृतपणे बंद केली, तरी लपूनछपून चालणारे प्रकार पुरते थांबले नाहीत. त्यांच्या सेवाकार्यामुळे हा दोष सौम्य होतो असे मला वाटत नाही. ज्या संघटनेने मळ्यावरच्या मुकादमांच्या बंदुकीसमोर लस टोचली, तिच्या नावाखाली एखाद्या मुलीला भीती वाटावी याचे दुःखच अधिक होते.

२०२० मध्ये कमला हॅरिस उपाध्यक्षपदाच्या उमेदवार झाल्या तेव्हा भारतात त्यांच्या तमिळ आजोळाची चर्चा झाली. इथे मात्र हजारो स्त्रियांनी त्यांच्या प्रचाराला १९ डॉलर ०८ सेंट अशी देणगी पाठवली, कारण हॅरिस १९८६ मध्ये हॉवर्डला अल्फा कॅपा अल्फाच्या सभासद झाल्या होत्या आणि १९०८ हे संघटनेचे जन्मवर्ष. माझ्या त्या सहकारी निवडणुकीच्या दिवसांत फार बोलल्या नाहीत. संघटना म्हणून त्यांना कोणाचाही प्रचार करायचा नव्हता, म्हणून त्या आपले नेहमीचे मतदार नोंदणीचे टेबल मांडत राहिल्या.

आपल्याकडे आजीव सेवकांची परंपरा आहे. कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमापासून पुण्याच्या शिक्षणसंस्थांपर्यंत, अल्प वेतनावर आयुष्य वाहून घेणाऱ्या माणसांच्या आधारावर महाराष्ट्रातले स्त्रीशिक्षण उभे राहिले, आणि त्याविषयी मला अपार आदर आहे. मात्र आजीव सेवक संपूर्ण आयुष्य देतो, म्हणून तो विरळा असतो. इथल्या शिक्षिका, परिचारिका, वकील स्त्रिया नोकरी आणि संसार सांभाळून आयुष्याचा एक ठरलेला हिस्सा देतात, म्हणून त्या लाखोंच्या संख्येने असू शकतात. आपल्या महाविद्यालयांचे माजी विद्यार्थी मेळावे मी पाहिले आहेत. त्यांत आठवणी भरपूर असतात आणि जेवण उत्तम असते, पण पुढच्या महिन्यात कुठे, किती वाजता आणि कशासाठी जमायचे हे क्वचितच ठरते.

१९९८ मध्ये ह्यूस्टन विद्यापीठात डेल्टा फाय ओमेगा ही दक्षिण आशियाई मुलींची सोरॉरिटी सुरू झाली, आणि त्याच सुमारास अमेरिकेत तशा आणखी काही निघाल्या. अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलीही अशा संघटनांत जातात. त्यांच्या संस्थापक पिढीची पन्नाशी आता जवळ आली आहे, म्हणजे पदवीनंतरच्या निष्ठेची खरी परीक्षा त्यांच्यासाठी अजून बरीचशी पुढे आहे. मध्यंतरी मंडळाच्या गणपतीत एका मैत्रिणीने काळजीने विचारले की मुलगी असल्या संघटनेत जाऊ म्हणते आहे, जाऊ द्यावे का. खर्च, अभ्यासाचा वेळ, छळाची शक्यता या तिच्या शंका रास्त होत्या आणि त्यांची उत्तरे घ्यायलाच हवीत असे मी तिला सांगितले. त्याबरोबर मुलीला आणखी काही विचारायला सांगितले: पदवीनंतर ती ज्या शहरात नोकरी करेल तिथे या संघटनेची शाखा आहे का, ती किती वेळा भरते, गेल्या वर्षी तिने कोणते काम पूर्ण केले, आणि दहा वर्षांपूर्वी विद्यापीठातून बाहेर पडलेल्यांपैकी किती जणी अजून त्या बैठकीला येतात.